जुनी बस जपायची तर आधी छप्पर, मग कागद, रंग सगळ्यात शेवटी

तुमच्या गटाचा प्रश्न थोडक्यात असा आहे: एका साखर कारखान्याच्या आवारात १९७० च्या सुमाराची कामगारांची बस उभी आहे आणि कारखाना ती तुम्हाला द्यायला तयार आहे. लोखंडी सांगाडा, ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी फळ्यांची जमीन. खरवडून नवा रंग द्यायचा, इंजिन सुरू करायचं, गावातल्या संग्रहालयासमोर उभी करायची आणि सणावाराला चालवायची, असा बेत आहे. परदेशातली वाहतूक संग्रहालयं ट्राम, ट्रॉलीबस (वरच्या तारांतली वीज घेऊन रबरी टायरवर धावणारी बस) आणि बस इतकी वर्षं कशी टिकवतात, आणि त्यातलं आपल्याकडे काय लागू पडतं, हेही तुम्ही विचारलं आहे. माझी निम्मी नोकरी बसच्या बॉडीकामात गेली आणि नंतरची वर्षं इंग्लंडमधल्या एका ट्राम संग्रहालयाच्या कार्यशाळेत. त्या अनुभवावरून सांगतो: तुमचा बेत चांगला आहे, पण क्रम उलटा आहे.

जुन्या गाड्या वाचल्या त्या बहुतेक ठिकाणी हौशी माणसांमुळेच. अमेरिकेतल्या मेन राज्यात १९३९ मध्ये काही तरुणांनी बिडफर्ड अँड सॅको कंपनीची ३१ क्रमांकाची उघडी ट्राम १५० डॉलरला विकत घेतली, कारण कंपनी ट्राम बंद करून बस आणत होती. त्यातून केनेबंकपोर्टचं सीशोर ट्रॉली म्युझियम उभं राहिलं. इंग्लंडमध्ये १९४८ साली साउदॅम्प्टनची ४५ क्रमांकाची ट्राम काही जणांनी १० पौंडांना घेतली. ती ठेवायला तेव्हा जागासुद्धा नव्हती. १९५५ मध्ये त्यांची ट्राम संग्रहालयासाठीची संस्था स्थापन झाली आणि १९५९ मध्ये डर्बीशायरमधल्या क्रिच गावाजवळची चुनखडीची जुनी खाण हाती आली. ब्रिटनचं राष्ट्रीय ट्राम संग्रहालय आज तिथेच आहे. दोन्ही ठिकाणी गाडी विकत घेणं हा सगळ्यात स्वस्त टप्पा होता. खरा खर्च पुढे आला, आणि त्यातला मोठा वाटा गाडीवर न होता गाडीच्या डोक्यावरच्या छपरावर झाला.

म्हणून सुरुवात छपरापासून. जुन्या गाडीचा पहिला शत्रू पाणी. लाकडी ट्रामच्या टपावर फळ्या असतात, त्यांवर पांढऱ्या शिशाच्या जाड रंगात बसवलेलं कॅनव्हास असतं. वरच्या रंगाला केसाएवढी चीर गेली तरी पाणी कॅनव्हासखाली शिरतं, फळी कुजते, तिथून ते खिडकीच्या खांबांत उतरतं आणि खांब मुळाशी मऊ पडतात. बाहेरून काहीही दिसत नाही. तुमच्या बसमध्ये ही वाट वेगळी असेल: टपाच्या पत्र्याचे रिव्हेट, खिडक्यांचं वाळलेलं रबर, समोरच्या पाटीची चौकट, पाणपट्टीचा (टपाच्या कडेने पाणी वाहून नेणाऱ्या पट्टीचा) सांधा. पाणी साचतं मात्र ठरावीक जागी. खिडक्यांखालच्या पत्र्याच्या आत खांबांच्या तळाशी, चाकांच्या कमानींवर आणि जमिनीच्या फळ्यांच्या कडेला. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी बारीक पेचकस घेऊन या जागा टोचून पाहा. पेचकस लाकडात सहज शिरला किंवा लोखंडाचे पापुद्रे निघाले, तर कामाचा आकार तिथेच कळतो.

आपल्याकडे लोक लगेच ताडपत्री गुंडाळतात. कृपा करून ते करू नका. ताडपत्रीच्या आत दमट हवा अडकते, रात्री थंडाव्याने तिचं पाणी होऊन पत्र्याच्या आतल्या बाजूला सुटतं, आणि वाऱ्याने फडफडणारी ताडपत्री उरलासुरला मूळ रंग घासून काढते. साध्या खर्चात जमणारी गोष्ट म्हणजे पत्र्याची शेड: जमिनीपासून उचललेला कोरडा चौथरा, गाडीच्या दोन्ही बाजूंना माणूस शिडी घेऊन फिरेल एवढी जागा, पुढे आलेल्या पागोळ्या, आणि पावसाच्या दिशेला गाडीपासून लांब सोडलेले पडदे. हवा खेळती राहिली पाहिजे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाचा गंज वेगाने वाढतो, आणि आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात ती आठवडेच्या आठवडे ८० च्या वर असते. उघड्या शेडमध्ये हवा कोरडी करणारं यंत्र लावणं म्हणजे पैसे वाया घालवणं. त्यापेक्षा खालच्या भागाला गंजरोधक तेल किंवा मेण दरवर्षी पावसाच्या आधी मारणं जास्त उपयोगाचं. लाकडाचं उलट असतं. त्याला एकदम ओलं आणि एकदम कोरडं सोसत नाही, म्हणून एप्रिल-मेचं थेट ऊनही गाडीवर पडू देऊ नका.

वाळवी हा तर आपल्याकडचाच प्रश्न. युरोपातल्या पुस्तकांत त्याबद्दल फारसं सापडणार नाही. गाडी जमिनीवर टेकलेल्या लाकडी ठोकळ्यांवर उभी करू नका, लोखंडी स्टँडवर करा आणि स्टँड काँक्रीटवर ठेवा. दर महिन्याला टॉर्च घेऊन गाडीखाली जाणारा एक माणूस नेमा आणि त्याला तारखेसह वहीत लिहायला लावा. उंदीर वायरिंग खातात, तेही त्याच फेरीत दिसतं.

आता कागद. हात लावण्याआधी गाडी जशी आहे तशी टिपून ठेवा. प्रत्येक बाजूने फोटो, प्रत्येक खिडकीचा, प्रत्येक सीटचा, छतावरच्या दांड्यांचा, घंटीच्या दोरीचा, चालकाच्या समोरच्या प्रत्येक बटणाचा. चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक घासून कागदावर उतरवून घ्या. बॉडी बांधणाऱ्याची धातूची पट्टी बहुधा दाराच्या वर किंवा चालकामागच्या पडदीवर असते. ती काढू नका, रंगात बुडवू नका. कारखान्याकडून आरसी बुक, लॉगबुक, दुरुस्तीची वही, टायर-खरेदीची बिलं, जे मिळेल ते मागा. ही कागदपत्रं गाडीइतकीच महत्त्वाची आहेत आणि गाडी हलली की महिन्याभरात रद्दीत जातात. तिसरी गोष्ट माणसं. ती बस चालवलेला एक जरी चालक गावात असेल तर त्याला गाडीत बसवून बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. दुसरा गिअर कसा अडायचा, कुठल्या चढावर पाणी तापायचं, कुठली सीट कोणाची ठरलेली होती, हे कुठल्याही वहीत नसतं.

हे इतकं लांबवून सांगतोय, कारण आपण काय गमावून बसलोय ते पाहिलं आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, आणि शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. ट्रॉलीबस तर जेमतेम नऊ वर्षं टिकली, गोवालिया टँक ते माझगाव डॉक, १९६२ ते १९७१. १९३७ पासून धावणारी डिझेलवरची दुमजली बस सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली. आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय मनापासून जपलेलं आहे, जरूर जाऊन या. तिथल्या प्रतिकृती, तिकिटं, तिकीट यंत्रं आणि जुनी उपकरणं पाहून या शहराची वाहतूक कशी वाढली ते नीट कळतं. पण प्रतिकृतीतून सुताराने सांधा कसा घेतला होता, हातांनी दांडा कुठे झिजवला होता, रंगाखाली आधीचा कुठला रंग होता, हे कळू शकत नाही. ते फक्त खऱ्या गाडीत असतं. तुम्हाला खरी गाडी मिळते आहे. तिच्यातला हा पुरावा तुम्ही स्वतःच पॉलिश पेपरने पुसून टाकू नये एवढ्यासाठी ही लांबण.

रंग खरवडण्याबद्दल म्हणूनच माझं स्पष्ट मत आहे: सगळी गाडी उघडी पाडू नका. वाळूच्या फवाऱ्याने तर अजिबात नाही. पातळ ॲल्युमिनियम त्याने लाटा आल्यासारखं वाकतं आणि वाळूचे कण बेअरिंग, दारांचे बिजागर, खिडक्यांच्या खाचा सगळीकडे शिरतात. संग्रहालयात आम्ही आधी रंगाची खिडकी काढतो. एखाद्या आडोशाच्या जागी, म्हणजे पट्टीखाली, दाराच्या आतल्या कडेला किंवा दिव्याच्या चौकटीमागे, रुपयाएवढ्या जागेत बारीक पेपरने पाण्यासोबत घासत जायचं. थरांची वर्तुळं एकात एक दिसू लागतात: वरचा रंग, त्याखालचा, त्याखालचं प्रायमर, शेवटी धातू. दिवसाच्या उजेडात त्यांचा फोटो रंगपट्टीसह घ्यायचा आणि प्रत्येक थर रंगकार्डाशी जुळवून नोंदवायचा. जुनी अक्षरं दिसली तर त्यांवर पारदर्शक कागद ठेवून गिरवून घ्यायची. नंतर पूर्ण गाडी रंगवायची ठरली तरी एक हातभर जागा जुन्या रंगातच सोडा. त्या काळच्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून कोरडं घासायचं नाही, मास्क लावायचा आणि निघालेला गाळ गोळा करायचा. मुलांना या कामाला लावू नका.

मग प्रश्न येतो, गाडी कोणत्या वर्षाची दाखवायची? जगभरच्या कार्यशाळांत सगळ्यात तापलेले वाद यावरच होतात. गाडी एका दिवसाची नसते. दारं बदलली, सीट बदलल्या, पुढचे दिवे बदलले, इंजिन दुसरं बसलं. पहिल्या दिवशी होती तशी करायची म्हटलं की पुढच्या चाळीस वर्षांचं सगळं काढून टाकावं लागतं आणि त्या जागी अंदाजाने नवीन करावं लागतं. इंग्लंडमध्ये अनेक ट्रामची निव्वळ बॉडी शिल्लक होती. कुणी बागेत खोली केली होती, कुणी कोंबड्यांचं खुराडं. त्यांना खालची चाकं आणि मोटारी दुसऱ्या देशातल्या ट्रामच्या बसवाव्या लागल्या. त्याला इलाज नव्हता, आणि माहितीफलकावर तसं लिहिलेलं असलं की त्यात खोटं काही नाही. तुमच्याकडे मात्र पूर्ण गाडी आहे, ती चालवलेली माणसं हयात आहेत. मी तुमच्या जागी असतो तर कामगारांची बस म्हणून ती शेवटी जशी धावली तशीच ठेवली असती, कारखान्याच्या नावासकट, घासलेल्या रेक्झिनसकट. लाल-पिवळा एसटीचा रंग देण्याचा मोह होईल, लोकांना तोच आवडेल. पण ही बस एसटीची नव्हती. ऊसतोडीच्या हंगामात रात्रपाळीला माणसं नेणारी बस कुठल्याच संग्रहालयात नाही असं धरून चाला, आणि तीच दाखवा.

दुरुस्ती करावीच लागेल तिथे तीन गोष्टी पाळा. काढलेला प्रत्येक जुना भाग लेबल लावून ठेवा, मोडका असला तरी. नव्या भागावर आतल्या बाजूला वर्ष ठोका, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला जुनं-नवं वेगळं करता येईल. आणि शक्य तिथे पूर्ण भाग न बदलता कुजलेला तुकडाच कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्या. फळ्या सागाच्या असतील तर सागच. ॲल्युमिनियमचा पत्रा थेट लोखंडावर बसवू नका. दोन धातू आणि थोडा ओलावा एकत्र आला की ॲल्युमिनियम पांढरं भुसभुशीत होऊ लागतं. मधे प्रायमर आणि टेपचा थर हवा. लांबी भरून खड्डे झाकणारा रंगारी स्वस्त पडतो, पण त्या लांबीखाली गंज चालूच राहतो.

आता चालवण्याबद्दल. इथे मी तुम्हाला नाउमेद करणार नाही. चालती गाडी पाहणं वेगळंच असतं. सॅन फ्रान्सिस्कोने १९९५ मध्ये मार्केट स्ट्रीटवर जुन्या ट्रामचा एफ मार्ग सुरू केला आणि तो रोजच्या प्रवाशांसाठी धावतो. त्यावर १९२८ च्या घडणीच्या मिलानच्या ट्रामही आहेत. न्यूयॉर्कचं वाहतूक संग्रहालय स्वतःच ब्रुकलिनमधल्या बंद पडलेल्या कोर्ट स्ट्रीट या भुयारी रेल्वेच्या स्थानकात १९७६ पासून आहे आणि जुने डबे ते ठरावीक दिवशी रुळांवर आणतं. चालवल्याने कारागिरी जिवंत राहते हे खरं. पण प्रत्येक फेरीत ब्रेकचे लायनर, चाकं, बेअरिंग, गिअर झिजतात आणि मूळ भाग हळूहळू संपतात. म्हणून गाडी एकमेव उरलेली असेल तर ती उभी ठेवावी, तिच्यासारख्या अनेक असतील तर एक चालवावी, असं माझं मत आहे. तुमची बस कुठल्या गटात बसते ते आधी शोधा.

चालवायचं ठरलं तरी पहिल्या दिवशी चावी फिरवू नका. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंती कोरड्या असतात. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, दोन दिवस थांबा, मग इंजिन हाताने फिरवून पाहा. टाकीतलं जुनं डिझेल चिकट होऊन तळाशी गाळ बसलेला असतो. टाकी उतरवून धुवा आणि सगळ्या नळ्या बदला. ब्रेकचे रबर वॉशर, होस आणि हवेच्या टाक्या यांबाबत तडजोड नाही. टायर नक्षीने चांगला दिसतो, पण आतून रबर सुटलेलं असतं. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी आहे आणि जुन्या गाडीला तोच नियम लावून घ्यावा. मूळ टायर शोभेसाठी जपा, रस्त्यावर नवे लावा. आणखी एक चुकीची सवय मोडा: दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवून बंद करणं. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, आत ओलावा धरतो आणि सायलेन्सर आतून गंजतो. चालवायचं तर पूर्ण तापेपर्यंत, रस्त्यावर फिरवून. नाहीतर फक्त हाताने फिरवून ठेवा. उभ्या काळात गाडीचं वजन स्टँडवर घ्या, नाहीतर टायर एका जागी चपटे होतात आणि पाटे बसतात.

ब्रेक लायनर, क्लच प्लेट आणि सायलेन्सरच्या जवळचं गुंडाळण यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो भाग हवेच्या झोताने कधीही साफ करू नका. ओला करून, बंद पिशवीत, माहीतगार माणसाकडून काढून घ्या.

ट्राम आणि ट्रॉलीबसबद्दल तुम्ही कुतूहलाने विचारलंत, म्हणून थोडं. त्यांत डिझेलचा व्याप नाही, पण वीज आहे, साधारण ५५० ते ६०० व्होल्ट डीसी. ट्राममध्ये करंट मोटारीतून चाकांत आणि चाकांतून रुळात परत जातो, त्यामुळे गाडीचा सांगाडा आपोआप जमिनीशी जोडलेला असतो. ट्रॉलीबस रबरी टायरवर उभी असते. तिचा सांगाडा जमिनीपासून तुटलेला, आणि करंट परत नेण्यासाठी वर दुसरी तार. अशा गाडीत आतलं इन्सुलेशन कुठे खराब झालं तर सगळी बॉडी जिवंत होऊ शकते आणि पायरीवर एक पाय, रस्त्यावर एक पाय असलेल्या प्रवाशाला धक्का बसतो. म्हणून चालत्या ट्रॉलीबसची विजेची गळती सेवेत जाण्याआधी दररोज मोजतात. कापूस, कागद आणि वॉर्निशचं इन्सुलेशन असलेल्या जुन्या मोटारी हवेतला ओलावा पितात. त्यांना कित्येक दिवस मंद उष्णतेने वाळवायचं, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) पुन्हा पुन्हा मोजायचं, आकडा स्थिर झाला तरच करंट द्यायचा. घाई केली तर मोटार जळते आणि तशी मोटार आज कोणी बनवत नाही. विजेच्या जुन्या गाडीवर ती वीज समजणारा माणूस असल्याशिवाय हात घालू नये. भारतात ही विद्या सगळ्यात जास्त कोलकात्याच्या ट्राम कामगारांकडे आहे. तिथल्या एस्प्लनेडला जुन्या ट्रामच्या डब्यात थाटलेलं स्मरणिका संग्रहालयही बघण्यासारखं आहे.

शेवटचा अडथळा नोंदणीचा. केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले, पण ते ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि मोटारींसाठी आहेत. बस त्या वर्गात येत नाही. म्हणजे तुमच्या बसला व्हिंटेजचा क्रमांक मिळेल हे गृहीत धरून पैसे गोळा करू नका. सरकारी आणि महामंडळांच्या १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते, त्यामुळे कुणी एसटीची गाडी देऊ केली तर तिचंही तेच. खासगी आवारात, दोरी लावलेल्या वाटेवर, माणसं न बसवता गाडी फिरवणं हा सुरुवातीला सगळ्यात सोपा मार्ग. रस्त्यावर काढण्याआधी आरटीओकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. आणि कारखान्याकडून गाडी घेताना भंगाराची पावती घेऊ नका. दानपत्र करून घ्या, त्यात चॅसिस क्रमांक लिहा. भंगार म्हणून कागद झाला की पुढे नोंदणीची दारं जवळपास बंद होतात.

पावसाळ्याला अजून वेळ असेल तर आता एवढंच करा: शेडची जागा आणि खर्च ठरवा, कारखान्याला लॉगबुकसाठी पत्र द्या आणि त्या जुन्या चालकाची गाठ घ्या. गाडी तोवर आहे तिथेच उभी राहू द्या, मात्र तिच्या टपावर साचलेला पालापाचोळा आजच काढा, पाणपट्टीची भोकं मोकळी करा आणि उघड्या खिडक्यांना प्लायवुड लावा. टोचून पाहिलेल्या जागांचे फोटो आणि खांबांच्या तळाची मापं पाठवलीत तर सांगाड्याचं किती काम निघेल त्याचा अंदाज सांगेन.